तरंगणारे आणि तळाला बसलेले

मी रोज सकाळी साडेनऊला काही कोटी जिवांना जेवायला वाढते, आणि गेल्या सव्वीस वर्षांत त्यांतल्या एकानेही मीठ कमी आहे अशी तक्रार केलेली नाही. पुण्यात राहून असं गिऱ्हाईक मिळणं किती भाग्याचं, हे मी तुम्हाला काय सांगावं!

खानावळ नाही माझी. मी प्रयोगशाळेत पेशी वाढवते. आधी बावीस वर्षं कातडीच्या वाढवल्या, गेली चार वर्षं मेंदूच्या वाढवते. हे मी वारज्याच्या आमच्या सोसायटीत एकदा लिफ्टमध्ये बोलून बसले, तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मला सोडत नाहीत.

"अहो शोभाताई, आमच्या चिन्मयला थोडा घाला की. यंदा दहावी आहे."

"घालते ना. आहे तो वापरून संपला की सांगा."

त्यानंतर आठवडाभर त्या जिन्याने ये-जा करत होत्या.

तर धंदा सांगते. तळहाताएवढी चपटी प्लास्टिकची बाटली असते. तिच्यात पेशी, आणि पेशींच्या अंगावर दोन बोटं खाद्यपाणी. त्याला आम्ही मीडियम म्हणतो. रंगाने ते अगदी पातळ कोकम सरबतासारखं. ही बाटली माणसाच्या अंगाइतकी ऊब असलेल्या कपाटात ठेवायची. पेशी जेवतात, आणि जेवल्या की घाणही करतात. मग सरबत पिवळं पडायला लागतं. म्हणजे ताट उचला आणि नवीन वाढा. हे दोन-तीन दिवसांनी करावंच लागतं, मग तो रविवार असो, निवडणूक असो, नाही तर लक्ष्मीपूजन. एका लक्ष्मीपूजनाला मी पैठणीवर पांढरा कोट घालून आले तेव्हा गेटवरचे वॉचमन साळवे म्हणाले, "ताई, आज पण?" मी म्हटलं, "अहो, त्यांना कॅलेंडर दिलेलं नाही."

ताट उचलायला आमच्याकडे पंप असतो. काचेच्या बारीक नळीचं टोक बाटलीत घातलं की फस्स्स् असा आवाज होतो आणि जुनं मीडियम नळीतून थेट खालच्या मोठ्या बाटलीत जातं. तिच्यात आधीच ब्लीच ओतलेलं असतं. तिथे गेलेलं काहीही परत येत नाही. एका सेकंदाचं काम.

कातडीच्या पेशी वाढवताना एकच नियम लक्षात ठेवावा लागतो. जिवंत पेशी बाटलीच्या तळाला घट्ट चिकटून बसते. मेली की सुटते आणि तरंगायला लागते. म्हणून पंपाने ओढायचं ते तरंगणारं. मी हा नियम बावीस वर्षं नव्या मुलामुलींना शिकवला, आणि नुसता शिकवला नाही, करून दाखवला. टेबलावर पंजा दाबून धरायचा आणि म्हणायचं, "चिकटला तो आपला." मग हात हवेत डोलवत सोडायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "तरंगला तो गेला." कोणी हसलं नाही तर पुन्हा करायचं. सांगायचा मुद्दा असा, की हा नियम माझ्या डोक्यात राहिला नव्हता, हातात उतरला होता.

मेंदूच्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी आमचे सर म्हणाले, "शोभाताई, इथे सगळं उलटं आहे हं."

खरोखर उलटं होतं. मेंदूत काही पेशी अशा असतात, की त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्यांना मूळपेशी म्हणतात. स्टेम सेल हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेलच. त्यांना बाटलीत नीट खाऊपिऊ घातलं, की त्या तळाला चिकटत नाहीत. एकमेकींना धरून गोळे करतात आणि मजेत तरंगतात. डोळ्यांना दिसलेच तर साबुदाण्याच्या चुऱ्याएवढे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पिकल्या तुतीसारखे. त्यांतली एखादी तळाला टेकली, की तिचं लग्न ठरलंच म्हणून समजा. ती पाय पसरते, अंग ताणते आणि एकदाचं ठरवते, की आपण चेतापेशी व्हायचं की ग्लिया.

चेतापेशी तुम्हाला माहीत आहे. तिचा शाळेच्या पुस्तकात फोटो असतो. विचार, आठवणी, बोट भाजल्याची बातमी, सगळं तिच्या नावावर. ग्लियाचा फोटो नसतो. ज्यांनी नाव ठेवलं त्यांना वाटलं, की चेतापेशींच्या मधल्या फटी बुजवणारा हा डिंक असावा, म्हणून त्यांनी डिंक अशाच अर्थाचं नाव ठेवून दिलं. आता कळतंय, की या डिंकात एकीकडे ताऱ्यासारख्या पेशी आहेत, त्या रक्तातून दाणापाणी आणून चेतापेशींना भरवतात आणि त्यांनी सांडलेलं आवरतात. दुसऱ्या आहेत त्या चेतापेशींच्या लांब तारांना गुंडाळून ठेवतात, म्हणून निरोप वेगाने जातो. तिसऱ्या झाडूवाल्या. त्या फिरत असतात, मेलेलं उचलतात, आजार आला की आधी त्या धावतात आणि कधी कधी जास्त धावून नुकसानही करतात. या सगळ्या बिघडल्या, की नुसती हुशार चेतापेशी काय करणार? मोठ्या माणसाच्या डोक्यात मूळपेशींपासून नव्या चेतापेशी किती तयार होतात, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. मी त्यात पडत नाही. मी वाढपी आहे.

या लॅबमध्ये वर्षा होती. भंडाऱ्याची. आई अंगणवाडीत, घरात पीएचडीपर्यंत पोचलेली ही पहिली. बोलणं निम्मं इंग्रजी, पण चिडली की अस्सल तिकडचं. मी तिची एखादी बाटली जरा वाकडी ठेवली, की मागून आवाज यायचा, "काय करून राहिल्या ताई तुम्ही!"

तिचं काम असं. काही लोकांना औषधांनी न थांबणारी फिट येते. कधी कधी त्यांच्या मेंदूचा बिघडलेला छोटा भाग काढून टाकतात. काढलेला तो तुकडा एरवी जाळायचा. रुग्णाने लेखी परवानगी दिली, तर त्यातला थोडा आमच्याकडे येतो, आणि वर्षा त्यातल्या मूळपेशी वाढवायला बघायची. मोठ्या माणसाच्या मेंदूतून त्या सहज वाढत नाहीत. तिने सोळा तुकडे घेतले. सोळा वेळा काहीही वाढलं नाही. शेवटचं वर्ष सुरू झालं होतं. सतराव्या तुकड्याने अकराव्या दिवशी गोळे धरले. त्या दिवशी तिने मला सूक्ष्मदर्शकावरून उठूच दिलं नाही. "बघा ताई. अजून बघा. हलून नाही राहिले, पण जिवंत आहेत."

मी बघितलं. खरं सांगते, मी बावीस वर्षं कातडी बघितलेली बाई, पण माझे हात जोडले गेले. कोणाच्या तरी डोक्यातलं, जाळायला निघालेलं काहीतरी, कोकम सरबतात गोल होऊन तरंगत होतं आणि आपण पुढे काय व्हायचं ते अजून ठरवायचं होतं त्याला.

तुकडा कोणाचा, हे आम्हाला कळत नाही. नळीवर फक्त क्रमांक असतो. पण सतरा नंबर स्वतःच आम्हाला शोधत आला. म्हणजे निरोप आला. कसबा पेठेतले एक तांबट, तांब्याची भांडी ठोकणारे. नाव वसंतराव. बत्तीस वर्षं फिटचा आजार, भट्टीसमोर दोनदा पडलेले. ऑपरेशननंतर फिट थांबली. त्यांनी डॉक्टरांच्या मागे लागून लेखी अर्ज दिला होता, की माझ्या मेंदूचा जो भाग दिला, त्याचं काही झालं असेल तर मला बघायचं आहे. सरांनी वर विचारलं, अशा परवानग्या बघणाऱ्या समितीने होकार दिला आणि दिवस ठरला वसुबारसेचा.

आता दसऱ्याकडे येते. आणखी लांबवता येत नाही.

दसऱ्याला वर्षा आईबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. आजीपासून चालत आलेलं आहे, चुकत नाही. जाताना तिने मला दोन पानी सूचना लिहून दिल्या. "सतराचं अर्धंच मीडियम बदला. बाटली उभी करून गोळे खाली बसू द्या. मग वरून हळूच पिपेटने. प्लीज पंप नको." शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा. मला राग आला. अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी पेशी वाढवते. रागाने मी तो कागद घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला, आणि तो खिशातच राहिला.

दसऱ्याची सकाळ. लॅबमध्ये मी एकटी. शेजारच्या गटाच्या कातडीच्या सहा बाटल्या मीच बघणार होते, त्या आधी घेतल्या. फस्स्स्, धुणं, नवीन मीडियम. फस्स्स्, धुणं, नवीन मीडियम. हात असे लयीत चालले होते, की मी चक्क एक नाट्यपद गुणगुणत होते, आणि तानही घेत होते, कारण ऐकायला कोणी नव्हतं. सातवी बाटली घेतली. फस्स्स्. नवीन मीडियम. झाकण.

झाकणावर वर्षाच्या अक्षरात लिहिलं होतं: १७.

तान कुठे तुटली ते आठवत नाही. पंप चालूच होता. खालच्या बाटलीत ब्लीचमुळे सरबताचा रंग उडून पाणी झालं होतं, आणि त्या पाण्यात एका तांबटाच्या डोक्यातले, एका मुलीच्या चार वर्षांतले ते सगळे गोळे होते. मी बाटली उजेडात धरून बघितली. तरंगणारं काहीही नव्हतं. इतकी स्वच्छ बाटली मी आयुष्यात केली नसेल.

आमच्या धंद्यात बुरशी फार सोयीची असते. कधीही येते, कुठूनही येते, कोणाचाच दोष नसतो. "वर्षा, बुरशी आली गं, टाकावं लागलं," एवढं एक वाक्य. साक्षीदार कोणी नाही. मी ते वाक्य मनात दोनदा म्हणूनही बघितलं, आणि माझ्या अंगात थोडं नाटक आहे म्हणून सांगते, दुसऱ्यांदा ते फारच छान जमलं होतं. त्याचीच मला भीती वाटली.

बाहेर आले. साळव्यांनी आपट्याची पानं पुढे केली. "सोनं घ्या ताई." ज्या हाताने पंप धरला होता त्याच हातात त्यांनी ते ठेवलं. मी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

मागे केवढी तरी गर्दी, गाणी. "जय भीम ताई! बोला."

"वर्षा, मी सतराचे गोळे पंपाने ओढले."

"किती?"

"सगळे."

मागे कोणाचं तरी लहान मूल हरवल्याची घोषणा चालू होती. मग वर्षा म्हणाली, "बाटली टाकली का?"

"नाही. हाताने सवयीने नवीन मीडियम घातलं आणि कपाटात ठेवली."

"मग टाकू नका." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टेशनवरून तशीच आली, पाठीवर सॅक, पायात चपला. मी उभी राहिले. तिने मला बसा म्हटलं.

"आई म्हणाली ओरडू नको, त्यांनी स्वतःहून सांगितलं. म्हणून नाही ओरडत मी. पण मला ओरडायचं आहे, हे लक्षात ठेवा तुम्ही."

"ठेवते."

"गोठवून ठेवलेली एक नळी आहे."

सुरुवातीला गोळे धरले तेव्हा तिने त्यातले थोडे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवले होते. एकच नळी, करंगळीच्या पेराएवढी. गोठवलेल्या पेशी पुन्हा जाग्या करणं म्हणजे लॉटरी असते. आम्ही ती कोमट पाण्यात धरली, बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत. पेशी बाटलीत सोडल्या. तिसऱ्या दिवशी बघितलं तर निम्म्याहून जास्त फुटलेल्या, उरलेल्या एकेकट्या, कोणी कोणाला धरेना. वसुबारसेला बारा दिवस होते. प्रबंधाला किती होते हे मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी वर्षाने ती जुनी बाटली बाहेर काढली. माझी, अतिस्वच्छ. "काही चिकटलं असेल तर बघू." तिने बघितलं आणि सरकून मला जागा दिली.

तळाला तारे होते. काही गोळ्यांमधल्या पेशी आधीच तळाला टेकून ग्लिया झाल्या होत्या. चिकटलेल्या होत्या म्हणून माझ्या पंपाला सापडल्या नव्हत्या. आता त्यांनी पाय पसरले होते. एकीचा हात दुसरीच्या हातात, दुसरीचा तिसरीच्या, असं करत सबंध तळ त्यांनी विणत आणला होता. ज्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं, त्या तेवढ्या राहिल्या होत्या. मला एकदम माझा बावीस वर्षांचा नियम आठवला. चिकटला तो आपला. हसावं की काय करावं कळेना.

वर्षा बाटलीतल्या पाण्याकडे बघत होती. जरासं पिवळं झालेलं. म्हणाली, "हे वापरू."

"हे? अगं, हे त्यांचं उष्टं आहे!"

आमच्याकडे वापरलेलं मीडियम म्हणजे खरकटं. ते दुसऱ्या पेशींना घालायचं ही कल्पनाच मला सोसेना. पण वर्षा म्हणाली, ग्लिया नुसत्या खात नाहीत, पाण्यात काय काय सोडतात. डोक्यात मूळपेशी राहतात त्या ग्लियाच्याच शेजारात. "इथं एकट्या पडल्या त्या, ताई. शेजारच नाही त्यांना."

"बरं. मग घाल सगळ्यांना."

"सगळ्यांना नाही. उरल्यात त्यांचे दोन भाग करते. एकाला ताजं मीडियम, एकाला निम्मं ताजं, निम्मं हे गाळून."

माझा तोल गेला. "अगं मुली, मूठभर पण उरल्या नाहीत! त्यातल्या निम्म्या उपाशी मारायच्या? घाल ना सगळ्यांना!"

"मग कळणार कसं, कशानं जगल्या ते?"

"जगू देत की आधी!"

ती माझ्याकडे वळली. तिचा तो न ओरडण्याचा शब्द तिने अजून पाळला होता. "ताई, तुम्ही एका चुकीत सगळे घालवले. मला अर्धे विचार करून घालवू द्या."

मी गाळणी आणून दिली.

पुढचे पाच दिवस मी कपाटाकडे न बघता दुसरी कामं करत होते. घरी भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि माझ्या घरचे त्या कोट्यवधींसारखे समंजस नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी लॅबचं दार उघडलं तर वर्षा आधीच आलेली, सूक्ष्मदर्शकावर वाकलेली, आणि तिच्या पाठीवरून मला काही कळेना.

"कोणती बघते आहेस?"

"ताज्याची. संपल्यात."

"आणि उष्ट्याची?"

ती उठली. मी बसले. तिथे एक गोळा होता. छोटा, सात-आठ पेशींचा, एकमेकींच्या गळ्यात गळा घातलेला. बाजूला आणखी एक. काठाजवळ तिसरा. मी चौथा शोधत बसले, कारण वर बघितलं असतं तर वर्षाने माझा चेहरा बघितला असता.

"ताई," मागून आवाज आला, "आता ओरडू का मी?"

"ओरड."

तिने जी आरोळी ठोकली, ती ऐकून साळवे आग विझवायचं नळकांडं घेऊन वर धावत आले.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई चिन्मयला ग्लियाचं पाणी पाजतील. बाटली म्हणजे डोकं नव्हे. एकदा घडलं म्हणजे सिद्ध झालं असंही नव्हे. वर्षाने पुढे त्याच गोळ्यांवर हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला, दर वेळी अर्ध्या पेशी विचार करून घालवल्या, तेव्हा कुठे तो प्रबंधात गेला. जगाला हे आधीपासून माहीतही होतं म्हणे, थोड्या वेगळ्या पेशींबद्दल. मला नव्हतं. माझ्यासाठी ते त्या सकाळी घडलं.

वसुबारसेला वसंतराव आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, टोपीखाली ऑपरेशनचा व्रण. हात असे, की त्यांनी नमस्कार केला तेव्हा दोन फळ्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज झाला. सूक्ष्मदर्शकाच्या स्टुलावर ते भट्टीसमोर बसावं तसे मांडी घालायला निघाले, मी कसेबसे त्यांचे पाय खाली सोडवले.

डोळा लावून म्हणाले, "हे माझे?"

"तुमचे."

"विचार बिचार करतात का?"

"नाही हो. अजून चेतापेशी पण नाहीत त्या."

"बरंय. आत होते तेव्हा फार करायचे."

वर्षा तोंडावर हात धरून वळली. ती आणि सर दोघंही मला डोळ्यांनी सांगत होते, की आता पुरे, माणूस खूश आहे, त्याला खुशीत जाऊ दे. मीही तेच ठरवलं होतं. पण तो माणूस स्वतःच्या डोक्याचा तुकडा बघत होता, आणि त्यातले कितीतरी गोळे मी ब्लीचमध्ये घातले होते, आणि हे त्यालाच तेवढं माहीत नव्हतं.

"वसंतराव, एक सांगते. तुमच्या पेशी होत्या याच्या कितीतरी पट. त्या मी चुकून फेकल्या. दसऱ्याच्या दिवशी. या उरलेल्या वर्षाने वाचवल्या."

सरांनी डोळे मिटले. वसंतरावांनी डोळा काचेवरून काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं, भांड्याला कुठे पोचा आहे का बघावं तसं.

"म्हणजे एकदा डॉक्टरांनी काढले, एकदा तुम्ही फेकले," ते म्हणाले. "चिवट आहेत."

आणि पुन्हा काचेला डोळा लावला.

वर्षाने मग त्यांना ती दुसरी बाटली दाखवली. तारे. एव्हाना तळ पूर्ण भरला होता. ते इतका वेळ बघत राहिले, की सरांनी दोनदा घड्याळ बघितलं.

"हे कोण?"

मी सांगितलं. डिंक समजले होते, पण हे भरवतात, आवरतात, सांभाळतात. यांच्या उष्ट्यावर तुमचे ते गोळे उठले. यांचं नाव कोणी घेत नाही.

"कल्हई," वसंतराव म्हणाले.

"काय?"

"अहो, तांब्याच्या भांड्याचं कौतुक करतात ते बाहेरून. ठोके कसे बसलेत, चकाकतं किती. आत कल्हई नसेल तर त्यात ताक ठेवून बघा. कळकतं. हिरवं होतं. माणूस आजारी पडेल." त्यांनी काचेकडे बोट केलं. "पण कल्हई छान आहे असं म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही."

आजवर मी ऐकलेल्या मेंदूवरच्या व्याख्यानांत हे सगळ्यांत लहान होतं, आणि पाठ झालेलं तेवढं एकच.

त्यानंतर मी पंपावर एक पाटी लावली. पाट्यांचं खातं लॅबमध्ये माझ्याकडेच आहे. "झाकण उघडं ठेवणाऱ्यांनी घरचा फ्रीजही उघडा ठेवावा" ही माझीच. पण ही जरा वेगळी झाली: "तरंगणारं सगळं मेलेलं नसतं. ओढण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं. शोभा." नवीन मुलं वाचतात आणि विचारतात, शोभा कोण? मी पंजा टेबलावर दाबते, हात हवेत डोलवते आणि सगळं पहिल्यापासून करून दाखवते. फस्स्स्चा आवाज तोंडाने काढते. हसतात. हसू देते. पुढच्या वेळी बाटली धरताना त्यांचा हात अर्धा सेकंद थांबतो, तो मी बघितलेला आहे.

वर्षा आता डॉक्टर वर्षा आहे, दुसऱ्या गावी. तिच्या प्रबंधात आभाराच्या पानावर आईच्या खालोखाल माझं नाव आहे, आणि पुढे कंसात "पंपासह."

वसंतराव पुन्हा आले नाहीत. त्या वर्षी भाऊबीजेनंतर लॅबमध्ये माझ्या नावाने एक पुडकं आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली तांब्याची वाटी. मी ती फिरवून फिरवून बघितली आणि जरा हिरमुसले. बाहेरून अगदी साधी. एक ठोका नाही, चकाकी नाही, कडेला नक्षी नाही. हातात एवढी कला असलेल्या माणसाने अशी वाटी का पाठवावी?

मग मी ती उजेडाकडे तिरकी करून आत बघितलं.

कल्हई अशी बसवली होती, की तळाला चंद्र सांडल्यासारखा वाटत होता. पांढरी, शांत, कुठे रेघ नाही, कुठे डाग नाही. एखाद्याने कोणी बघणार नाही अशा जागी आठवडा घालवावा, तशी.

त्या वाटीत मी रोज दुपारी ताक पिते. अजून कधी कळकलेलं नाही. आणि ताक संपलं, की धुवायला टाकण्याआधी एकदा तळाकडे बघते, आणि म्हणते, छान आहे हो.